उधळ्या मुलाची आई

चर्चच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी लहान मुलांचा खेळगट भरतो. त्यातली दहा मिनिटं बायबलमधल्या गोष्टीची. ती माझ्याकडे होती आणि दोन मंगळवार मी ती वाया घालवली होती. पहिल्या खेपेला मुलं उठून ठोकळ्यांकडे गेली, दुसऱ्या खेपेला दोघं झोपली. गटाचं सगळं पाळकांची बायको बघते. ती हळूच म्हणाली, "काका, आणखी एकदा बघू. नाही जमलं तर त्या वेळात गाणी घेऊ."

मला ती दहा मिनिटं हवी होती. निवृत्तीनंतर कोणी माझी वाट बघावी अशी आठवड्यात तेवढीच जागा उरली होती. हे तिला सांगायला मात्र जीभ रेटली नाही.

यावेळी उधळ्या मुलाची गोष्ट घेतली. आठवडाभर आरशासमोर घोकली. बायको म्हणाली, "अहो, तीन-तीन वर्षांची पोरं ती. तुमची तोंडी परीक्षा घेणार आहेत का?"

सुरुवात बरी झाली. घर सोडून गेलेला मुलगा बापाचे पैसे उधळून डुकरं राखायला लागला तेव्हा तर मुलं चेकाळलीच. चौदाच्या चौदा जणं नाक चिमटीत धरून घुरघुरली. दार बंद आहे ना हे बघून मीही एकदा घुरघुरलो. मग मुलगा घरी निघाला, बापाने त्याला लांबून पाहिलं, बाप धावला, गळ्यात पडला. अगदी पुढे एक ठेंगणी मुलगी बसते, तिला सगळे मुंगी म्हणतात. तिने विचारलं, "आणि आई?"

"आई या गोष्टीत नाही."

"कुठे गेली?"

चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. मूळ प्रतीत नाही ते पानावर येऊ द्यायचं नाही, हे हाडीमाशी खिळलेलं.

"पुस्तकात तिच्याबद्दल काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबावं की नाही? "बहुतेक नसेलच तिथे." ही पुस्ती मी कुठल्या प्रतीतून आणली, देव जाणे.

मुंगीचा खालचा ओठ बाहेर आला. "माझी आई कुठंय?" म्हणून तिने भोकाड पसरलं. शेजारच्याने तिच्याकडे पाहिलं आणि तोही सुरू झाला. मग सगळी रांगच. पलीकडच्या खोलीतून आया हातात कप घेऊनच धावत आल्या.

पाळकांच्या बायकोने मुंगीला कडेवर घेतलं. "अगं, आई आत स्वयंपाक करत होती! बाळ येणार म्हणून!"

रडं थांबलं. इतकं सोपं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तो येणार हे तिला कसं कळलं?" मी पुटपुटलो.

"काका," ती म्हणाली, "आईला कळतं."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "बाप घरी थांबला होता ना? मग आई शोधायला गेली असेल. दोघं घर उघडं टाकून कशी जातील?"

इतकी वर्षं ती गोष्ट वाचतोय, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

"पण हेही पुस्तकात नाहीच."

"मग 'गेली असेल' म्हणा. त्याला कोण अडवतंय?"

मुंगीला हे पटलं असतं. मी ते चार वेळा मनात म्हणून पाहिलं, पाणी प्यायलो आणि पाळकांच्या घरी फोन लावला.

"काका, बरं झालं तुम्हीच केलात," त्यांची बायको म्हणाली. "मुंगीची मावशी गाणी घ्यायला तयार झालीय. गिटार वाजवते ती."

"अहो, पण मला एक सुचलं होतं..."

"काय हो?"

तिच्यामागे कोणीतरी तिला हाका मारत होतं.

"काही नाही. सहजच."

"पण तुम्ही यायचं हं. खुर्च्या मांडायला माणूस लागतोच."

"येईन की," मी म्हणालो. नको तिथे माझा होकार कसा तत्परतेने निघतो!

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"मंगळवारी लवकर जायचंय," मी म्हणालो, आणि दाराशी सरळच ठेवलेल्या चपला पुन्हा सरळ करत बसलो.