बाजबहादूर का पळाला?

यशवंतराव मास्तरांनी टाक लाल शाईत बुडवला आणि तिसऱ्या उत्तरापाशी तो तसाच धरून ठेवला. शाईचा एक थेंब कागदावर पडला, तरी हात हलेना.

प्रश्न त्यांनीच घातला होता. बाजबहादूर राणी रूपमतीला मागे ठेवून का पळाला? धारच्या मुलींच्या शाळेत मांडूच्या सुलतानांचा धडा नुकताच संपला होता. बाकीच्या मुलींनी पाठ केलेलं लिहिलं होतं: सारंगपूरच्या लढाईत हरला, जिवाच्या भीतीने पळाला. यमुनेने लिहिलं होतं, 'तो पळाला नाही. राणीनेच त्याला पाठविले. ती कोणाजवळही त्याला नावे ठेवीत नसे.'

यमुना एका गुणाने नापास होत होती. नापास झाली तर शाळा बंद, असं तिच्या मामांनी बजावलं होतं. आणि चुकलेल्या उत्तराला मास्तर कधी अर्धा गुणही देत नसत.

त्यांनी तिला टेबलाजवळ बोलावलं.

"हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही, मास्तर. प्लेगच्या साली देवासला आम्ही गावाबाहेर झोपडीत होतो. शेजारच्या झोपडीत एक म्हातारी माई होती, आम्ही गेलो तेव्हा एकटीच. तिला गाठ आली होती. मुलगा सोडून पळाला, असं सगळे बोलायचे. ती म्हणायची, माझा येसू पळाला नाही. सूनबाई धारला माहेरी आहे, पोटुशी आहे. मीच त्याला धाडला."

मास्तरांनी टाक दौतीत ठेवला. त्यांना येसू म्हणून हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. ती हाक मात्र अजून येई. वर्गात मुली लिहीत असल्या आणि सगळं शांत झालं, की हटकून येई. त्या पहाटे गाडीवान निघायची घाई करत म्हणाला होता, "चलां, भिया?" आणि मागून झोपडीतून आवाज आला होता, "येसू, पाणी दे रे." ते गाडीत चढले होते.

"मग?" त्यांनी विचारलं.

"आई पाणी पाजायची तिला. धारच्या रस्त्याकडे तोंड करून निजवा, म्हणायची. मग गेली."

"त्याच दिवशी?"

"नाही. मुलगा निघून गेला पंचमीला, असं ती सांगायची. ही एकादशीला गेली. आईचा उपास होता, म्हणून आठवतं."

सहा दिवस.

यमुना पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभी होती.

"मास्तर, उत्तर चुकलं का?"

"चुकलं. तो पळालाच होता."

"तुम्हाला काय ठाऊक?"

टाक उचलून त्यांनी त्या उत्तरापुढे एक हा आकडा घातला.

"पास झालीस. जा."

शाळा सुटल्यावर ते घरी आले तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. कमल सुपात तांदूळ निवडत होती. तीन वर्षांचा माधव तिच्या पाठीला टेकून पेंगत होता.

"माईंचं श्राद्ध परवावर आलं," ती म्हणाली. "भटजींना निरोप धाडलात का?"

"परवा नको."

"अहो, पंचमी परवाच आहे."

"माई एकादशीला गेली."

कमलचा हात तांदळात थांबला. तिने वर पाहिलं. "असं काय बोलता? पंचमीला अग्नी देऊन तुम्ही निघालात ना?"

यशवंतरावांनी पागोटं उतरवून मांडीवर घेतलं आणि ते तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"नाही," ते म्हणाले.