प्रथमफळ

चर्चमधल्या दानाच्या थैल्या कपाटात ठेवताना साळवे सरांना पुन्हा निकिताचं पत्र आठवलं. येऊन महिना होत आला होता, उत्तर गेलं नव्हतं.

रविवारच्या शाळेत त्यांच्याकडे शिकलेली ही मुलगी नुकतीच बंगलोरला सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. तिनं विचारलं होतं, ‘सर, प्रथमफळ म्हणून पहिला पगार पूर्णच चर्चला द्यायचा असतो का? पैशांवाचून आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय. ती म्हणते, आधी देवाचं.’

सरांनी अनेकदा उत्तर लिहायला घेतलं. बायबलातल्या एका वचनावरून दुसरं आठवे, दुसऱ्यानं पहिलं डळमळे. शेवटी, आपण कोण सांगणार, असं म्हणून ते कागद बाजूला सारत.

खडकीच्या त्या लहानशा चर्चमधून लोक पांगले होते. खांब चाचपत निकिताची आई, प्रेमलाबाई, त्यांच्यासमोर आल्या.

“सलाम, पाळकसाहेब.”

इथली उपासना आटोपून पाळकसाहेब केव्हाच येरवड्याच्या उपासनेला गेले होते. सरांनी नुसतीच मान डोलावली.

“पुढच्या महिन्यात निकिताचा पहिला पगार अर्पणाला आणतेय. नाव जरा मोठ्यानं वाचा. पाकीट काही मला दिसायचं नाही, ऐकू तरी येईल.”

सरांनी कपाटाची किल्ली मुठीत घट्ट धरली.

“आधी डोळा करून घ्या, प्रेमलाबाई. देव थांबेल.”

प्रेमलाबाईंनी मान तिरकी केली.

“पाळकसाहेब असं म्हणायचे नाहीत. हॉल बांधायचाय त्यांना. कोण, साळवे सर का?”

“हो.”

“मग मघापासून त्यांच्या वाट्याचे सलाम कसले घेताय?” त्या हसल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “तिनं तुम्हाला विचारलंय वाटतं.”

सरांनी कपाटाला कुलूप लावलं.

“मला विचारू नका, सर. माझ्या तोंडून हो यायचं नाही. तिला काय ते परस्पर कळवा.”

घरी जाऊन सरांनी पोस्टकार्डावर दोनच ओळी लिहिल्या. वचन एकही घातलं नाही.

स्टेशनजवळच्या टपालपेटीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. मागचे गृहस्थ खाकरले.

“अहो, टाकायचंय की परत काढायचंय?”

“टाकलं,” सर म्हणाले, आणि बाजूला झाले.