आठव्या धड्यात नसलेलं वाक्य

मी एक पुस्तिका बोलतेय. तळहाताएवढी, पिवळ्या पुठ्ठ्याची, सोपी इंग्रजी शिकवणारी. स्टेशनवर काय बोलावं, दुकानात काय बोलावं, असे माझ्यात धडे आहेत. आठवा धडा आरोग्य, दिनचर्या आणि झोपेचा. डोकेदुखी म्हणजे ‘हेडेक’, दमलेला म्हणजे ‘टायर्ड’. पण कुणी ‘हाऊ आर यू?’ विचारलं की त्या धड्यातला प्रत्येक माणूस ‘आय ॲम फाइन’ म्हणून मोकळा होतो.

मला घरात आणलं लेकीने, तिच्या आईसाठी. नवरा गेल्यावर आई परदेशात लेकीकडे राहायला आली होती आणि एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. चार शब्द आले तर कामावर बरं, असं लेकीला वाटलं. आईने मला पिशवीत टाकलं आणि विसरून गेली. तिचं चित्त कशातच नव्हतं. झोप उडाली होती, घास घशाखाली उतरत नव्हता.

लेक तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंना आमची भाषा येत नव्हती, म्हणून लेक मधे बसली. आई खाली मान घालून म्हणाली, “झोप लागत नाही. जीव घाबरा होतो. सकाळ झाली की वाटतं, आता पुन्हा उठूच नये.”

लेकीने इंग्रजीत सांगितलं, आईला जरा झोप कमी लागते, कामाचा शीण असेल.

मला दोन्ही भाषा येतात. पिशवीत पडल्यापडल्या मी सगळं ऐकलं आणि गप्प राहिले. पुस्तकाला उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, चहा कमी करा, संध्याकाळी चाला. आईने चहा सोडला. चपला झिजेपर्यंत चालली. झोप काही आली नाही. उलट आता तिला वाटू लागलं, इतकं सांगूनही डॉक्टर चालायलाच सांगतात, म्हणजे दोष आपलाच.

तेव्हा तिने मला बाहेर काढलं. जेवणाच्या सुट्टीत गरम चादरींच्या ढिगाला टेकून ती आठवा धडा वाचायची. शेजारच्या टेबलावरची आपल्याकडचीच बाई हसायची, “म्हातारपणी मडमीण व्हायचंय वाटतं?” आईही हसायची. पण बोट ओळीवरून हलू द्यायची नाही.

दवाखान्याच्या पुढच्या खेपेला ती तेच बोलली. या वेळी लेकीच्या इंग्रजीकडे तिचा कान होता. ‘स्लीप’ कळलं, ‘टायर्ड’ कळलं. मग वाक्य संपलंच. आपलं बोलणं केवढं होतं आणि हे केवढंसं निघालं, हे कळायला तेवढी इंग्रजी पुरली.

घरी येताना आईने शांतपणे विचारलं, “मी म्हटलं ते सगळं सांगितलंस?”

लेक म्हणाली, “तसं बोलायचं नसतं गं आई. बाबांना लोक काय काय म्हणायचे, विसरलीस का?”

शेवटची काही वर्षं वडील कुणाशी बोलत नसत. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. तोच शिक्का आईवर बसेल, या धास्तीने पोरीने आईचं वाक्य अर्ध्यात कापलं होतं. आई तिला रागावली नाही, पण त्या दिवशी दोघी जेवल्याही नाहीत.

आईला हवं ते वाक्य माझ्यात नव्हतं. दुकानाच्या धड्यात एक गिऱ्हाईक बूट परत करत म्हणतं, मला हे नको. त्यातलं ‘नको’ तिने घेतलं. झोपेच्या धड्यातून ‘उठणं’ घेतलं. दोन्ही जोडून ती इस्त्रीच्या वाफेत पुटपुटत राहिली. मग एका दुपारी लेकीला न सांगता दवाखान्यात गेली, मला मुठीत घट्ट धरून.

“आय डोन्ट वॉन्ट वेक अप,” ती म्हणाली. “एव्हरी डे.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. त्या पुढे बरंच बोलल्या, हळू आवाजात. त्यातलं आईला फारसं कळलं नाही. तिने मला पुढे केलं, पण ते शब्दही माझ्यात नव्हते. तेव्हा तिने स्वतःच लेकीला फोन लावला. “इथे ये,” म्हणाली. “आणि आता काही गाळू नकोस.”

लेक कामावरून धावत आली. डॉक्टरीणबाई सांगत गेल्या, ती आपल्या भाषेत आईला सांगत गेली. हा आजार आहे, दोष नाही. यावर औषध आहे, बोलून बरं करणारी माणसं आहेत. तोवर आईला एकटं ठेवायचं नाही. शेवटच्या वाक्याला ती अडखळली. तरी तिने ते पुरं केलं.

आता औषध सुरू आहे. झोप एखादा दिवस येते, एखादा दिवस चकवते. लेक आईच्या खोलीतच अंथरूण घालते. माझी पाठ उसवली आहे, आठव्या धड्याची पानं सुटी झाली आहेत, बाकीची बहुतेक अजून कोरी करकरीत आहेत. मी उशाशी पडून असते. एवढंच मागते, कुणाचं दुखणं दुसऱ्या भाषेत न्यायची वेळ तुमच्यावर आली, तर ते आहे तेवढं न्या. जड असलं तरी.