बिनफटीचं दार

बाभळीचं लाकूड माणसावर डूख धरतं असं मी म्हटलं की तेलगावातले लोक हसतात. हसू द्या. भर उन्हाळ्यात अंगणात बसून बाभळीची फळी त्यांना कापावी लागलेली नाही. माझ्या नव्या करवतीचे दात त्या फळीनं असे खाल्ले, की संध्याकाळी करवत बोळकी झाली होती आणि फळीला दात आले होते. खोटं वाटत असेल तर माझ्या दोस्ताला, बंकटला विचारा. मात्र तो खोटं बोलतो, हे ध्यानात ठेवून विचारा.

नोकरीभर मी जमिनी मोजल्या. दोन भावांच्या मधला बांध नेमका कुठून जातो, हे सांगून दोघांच्याही शिव्या खायच्या, असं ते काम. सगळा तालुका साखळीनं मोजलेल्या माणसाला एक दार करणं काय अवघड, असं मला वाटलं. तिथंच चुकलं.

दाराचा विषय माझ्या बायकोनं, सिंधूनं काढला. आमची न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यात आहे. विटांच्या भिंती, वर पत्रा, आणि दाराच्या जागी टांगलेलं जुनं लुगडं. वारं सुटलं की ते लुगडं गावाला जायला निघायचं. म्हणून ती बिचारी लग्न होऊन आल्यापासून उजाडायच्या आत अंघोळ उरकत आलेली. थंडीत गुडघे धरायचे, तरी तसंच. तिनं कधी तक्रार केली नाही. पण आमच्या लेकीची, मायाची सासू, परळीच्या सत्यभामाबाई, पहिल्यांदाच मुक्कामाला यायच्या होत्या.

“आवो, विहीणबाईंना काय लुगड्याआड बसवू अंघोळीला? दुकानातून तयार दार आणा. प्लास्टिकचं. सगळ्या गावानं बसवलंय.”

“कशाला? बंकटच्या बांधावरची बाभळ पडलीय. घरच्या घरी करतो मी.”

“तुमी?”

त्या एका शब्दात तिनं माझी सगळी नोकरी मोजून टाकली.

“आन जमलं न्हाई तर?” ती म्हणाली. “मग मी मायाला सांगीन, सासूला आणू नको म्हणून. लेकीच्या सासूपुढं मला मान खाली घालायची न्हाई.”

झालं. मी मोबाइलवर सुतारकाम शिकायला बसलो. त्यात एक गोरा माणूस होता. वांगं चिरावं तसं लाकूड चिरायचा आणि वर हसायचा. त्याच्या अंगावर भुशाचा कण नाही. इकडं माझ्या चहात भुसा, कानात भुसा, भाजीत भुसा. मी रेघ मारली माजलगावच्या दिशेनं, करवत निघाली धारूरला. रंध्यानं त्याच्या फळीची रेशमासारखी साल निघायची, माझ्या फळीतून ढलपे उडायचे. एक ढलपा इतका उंच गेला, की दुसऱ्या दिवशी खाली आला तेव्हा त्यावर चिमणी बसलेली होती.

खिळे तर ठोकायच्या आधीच वाकायचे, नुसती हातोडी बघून. अंगठ्यावर हातोडी इतक्या वेळा बसली, की शेवटी अंगठाच तिला जागा दाखवायला लागला. सिंधू हळद लावायची आणि एक शब्द बोलायची नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

बंकट रोज बघायला यायचा. माझा लहानपणापासूनचा दोस्त, पण दुसऱ्याचा घाम बघितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

“काय करायलास बे सर्ज्या? बाज का?”

“दार हाय.”

“मग वाकडं कावून?”

“वाकडं न्हाई. तूच तिरपा उभा हायस.”

त्यानं सरळ उभं राहून बघितलं. “आता लईच वाकडं दिसायलंय.”

मी करवत फेकली. पार उकिरड्यावर जाऊन पडली. आणायलाही मलाच जावं लागलं, आणि परत येईस्तोवर बंकट हसतच होता.

तशात त्या गोऱ्यानं सांगितलं, की दार आणि चौकट यांच्यामध्ये थोडी फट ठेवा. इथं मात्र मी त्याला मोबाइलमध्येच झापला. म्हटलं, बाबा, तुझ्याकडं बांध नसतील. आमच्याकडं दोघांच्या मधे बोटभर जागा सोडली, की एक जण तिथं तूर लावतो आणि दुसरा कोर्टात जातो. फट म्हणजे भांडण. मी फट ठेवणार नाही.

आणि नाही ठेवली. घासून, कापून, शिव्या देऊन मी ते दार चौकटीत असं बसवलं, की एक मुंगी आली, थांबली, आणि वळसा घालून गेली. चौकटही भिंतीत मीच गाडली. सिंधूनं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग आत जाऊन कडी लावली आणि उगीच उभी राहिली. बराच वेळ. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “बरं झालंय.” तिचं तोंड बघून मला वाटलं, आता मरायला हरकत नाही.

विहीणबाई यायच्या त्या सकाळी नेमका नळ आला. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी असतं. तोवर सगळं तांब्यावर चालतं. सिंधूनं टाक्या भरल्या, अंगण शिंपलं, आणि पाहुणे येणार म्हणून नव्या दारावरही बादल्यावर बादल्या ओतून ते आतून-बाहेरून घासलं. मग जन्मात पहिल्यांदा चांगलं ऊन वर आल्यावर अंघोळीला गेली.

आता ती बाभळ अशा बांधावरची, जिला पाऊस म्हणजे काय ते फक्त ऐकून माहीत. तिनं मागचे-पुढचे सगळे दुष्काळ त्या दिवशी भरून काढले. मी कान लावला तर फळ्यांतून घटाघटा आवाज येत होता. ओलं लाकूड फुगतं, हे मला तेव्हा कळलं.

“आवो!” आतून हाक आली. “कडी काढली, पर दार हालंना!”

तिनं ढकललं, मी ओढलं. मूठ माझ्या हातात आली. दार जिथल्या तिथं.

“बिजागऱ्या खोला की!”

बिजागऱ्यांचे स्क्रू दाराच्या कडेला, फटीत. आणि फट तर मी ठेवलीच नव्हती.

“सिंधू, करवतीनं कापतो.”

“खबरदार! विहीणबाईंनी येऊन तुटकं दार बघायचं का? त्यापरीस मी आतच बसते.”

तेवढ्यात मायाचा फोन आला. बाबा, आम्ही फाट्यावर उतरलोय, रिक्षा करतोय. माझ्या डोक्यातून वाफ निघायला लागली. पत्र्यावरचा कावळा भाजून उडाला. मी दाराला लाथ मारली. दाराला काही झालं नाही, मी लंगडायला लागलो.

आरडाओरडा ऐकून बंकट ट्रॅक्टर घेऊनच आला. दाराच्या बाहेरच्या आडव्या पट्टीला कासरा बांधला, दुसरं टोक ट्रॅक्टरला.

“वहिनी, मागच्या भिंतीला टेकून ऱ्हावा!” तो ओरडला.

“साडी नेसलीस का?” मी विचारलं.

“नेसले, केसबी विंचरले. तुमचं चालू द्या.”

बंकटनं ट्रॅक्टर रेटला. दार उघडलं नाही. आधी भिंत करकरली, मग चौकट हलली, मग चार-दोन विटांसकट चौकट दारासहित भिंतीतून उपटून निघाली आणि उभ्याउभी अंगणातून चालत फाटकापर्यंत गेली. तिथं कासरा तुटला. दार फाटकात ताठ उभं राहिलं. बंद.

पलीकडं रिक्षा थांबली. सत्यभामाबाई उतरल्या. फाटकात बंद दार बघून त्यांनी रीतीप्रमाणं टकटक केली.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण न्हाणीच्या भगदाडातून सिंधू बाहेर आली, पदर सारखा केला, दाराला वळसा घालून गेली आणि म्हणाली, “या विहीणबाई. बाजूनं या.”

सत्यभामाबाईंनी दार पाहिलं, विटा पाहिल्या, भगदाड पाहिलं.

“दार लई मजबूत केलंय व्याह्यांनी,” त्या म्हणाल्या. “मग हे कसं झालं?”

सिंधूनं एकदा माझ्याकडं बघितलं. “भिंत यांनी केलेली न्हाई.”

सत्यभामाबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या आणि पोट धरधरून हसल्या. सिंधूही हसली. माया हसली. बंकटचं तर विचारूच नका. माझा अंगठा ठणकत होता.

चहा झाल्यावर दोघी विहिणी त्याच ट्रॅक्टरवर बसून दुकानात गेल्या आणि निळं प्लास्टिकचं दार घेऊन आल्या. रंग विहीणबाईंनी निवडला. दुकानाच्या माणसानं ते बसवलं आणि मला हातोडीला हात लावू दिला नाही.

माझं दार अजून फाटकाशी पडून आहे. तेलगावच्या पैलवानांनी जोर लावून बघितला, उघडलेलं नाही.

आता सिंधू रोज ऊन चांगलं वर आल्यावर अंघोळीला जाते. मी बाहेरून विचारतो, चहापत्ती कुठं ठेवलीस, माझा चष्मा कुठाय. ती आतून ओरडते, “ऐकू येत न्हाई!”