केबलमधली खरखर

वडगावातल्या त्या गल्लीत कुणी वारलं की दिवसभर यंत्रमाग बंद ठेवतात. पहाटे यमनाप्पाची बायको अंजनी गेली त्या दिवशीही सगळे माग थांबले. आठ वाजता यमनाप्पानं निव्वळ सवयीनं हॅम रेडिओ, म्हणजे घरचा बिनतारी संच, लावला आणि खानापूरचा त्याचा दोस्त प्रेमानंद कधी नव्हे इतका स्वच्छ ऐकू आला. "अण्णा, वहिनी कशा हायत?" त्यानं तीनदा विचारलं. यमनाप्पानं माइक उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले, रेडिओत खरखर भरली आणि यमनाप्पाचं आयतंच फावलं. रोज आठला तो म्हणे, "खरखर लई हाय, काय कळंना," आणि बंद करी. फोन होता की! पण वीस वर्षांचा दोघांचा हट्ट, बोलायचं ते रेडिओवरच. असे तीन महिने गेले. रडू नाही, भूक नाही, माणूस नुसता लाकूड झाला होता.

पॉलिटेक्निकात शिकवणारी लेक रचना शहापूरहून राहायला आली.

"आप्पा, प्रेमानंदकाकांना सांगितलासा?"

"कसं सांगू गं? शेजारच्या शामूचे माग ऐकू देत न्हाईत."

ती गच्चीवर गेली आणि केबल अँटेनापासून सोडवून खाली आली. रेडिओ तसाच खरखरत होता.

"बघा, अँटेना न्हाय तरी खरखर हायच. शामूकाकांच्या भिंतीवरनं आपली केबल गेलीया, तीच सगळं गोळा करतीया."

"राहू दे की गं तसंच," यमनाप्पा घाईनं म्हणाला. आता हे दुरुस्त होणार होतं.

तिनं केबल त्या भिंतीपासून लांब नेली, अँटेनापाशी खरखर अडवणाऱ्या, बांगडीएवढ्या काळ्या फेराइटच्या कडीतून तिचे आठ वेढे घेतले आणि परत जोडली. यमनाप्पा शिडी धरून उभा राहिला.

सकाळी आठला शामूचे माग धडधडत होते, पण रेडिओतली खरखर पार बसली होती.

"अण्णा, आज तरी ऐकू येतंय का? वहिनी कशा हायत? ओव्हर."

यमनाप्पानं माइकचं बटण दाबलं. 'खरखर लई हाय' अगदी ओठांवर आलं होतं. रचना समोरच उभी होती.

"येतंय ऐकू," तो म्हणाला. "अंजनी गेली रं. ओव्हर."

ओव्हर म्हटलं की बटण सोडायचं असतं, नाहीतर इकडचं सगळं पलीकडं ऐकू जातं. अंगठा काही उचलेना, आणि तीन महिन्यांचं रडू सरळ खानापूरला जाऊन पोचलं.