हट्ट्याच्या पेटीचा खालचा सूर

मित्रांनो, आधी माझ्यावरची धूळ फुंका, मग बोलू. मी हट्टा गावच्या गायन पार्टीची जुनी बाजाची पेटी आहे. हरिचंदच्या बोटांखाली मी जयंतीचे कितीतरी मंडप गाजवले. माझ्याशिवाय कुणाचा सूर लागत नसे आणि त्याचा मला भारी तोरा होता!

हरिचंदचा पोरगा धम्मदीप. वयात आल्यावर त्याचा आवाज जो खाली गेला, तो वर आलाच नाही. कोरसमधली पोरं चिडवायची, "ह्यो आडातून गाऊन राहिला!" त्याच्या साथीला माझी सगळ्यात खालची पट्टी तेवढी उरली. त्याच आवाजानं त्याला पार जर्मनीला नेलं. तिथे तो तीनशे वर्षांपूर्वीची संगीत नाटकं, म्हणजे ऑपेरा गातो. तरण्या नायकाचं काम उंच आवाजाला मिळतं. खर्जाच्या वाट्याला म्हातारे राजे आणि पाताळाचे देव. तिशीतच बिचाऱ्याला पांढरी दाढी चिकटली.

पुढे हरिचंद गेला. घरात त्याची बायको चांगुणाबाई आणि मी. रंगमंचावर जाण्याआधी धम्मदीप फोन करी, "माय, खालचा सूर दे." तिला वाजवता येत नाही, पण एका हातानं भाता हलवत ती पट्टी दाबून धरी. लेकाचं गाणं आपल्यामुळेच उभं राहतं असं तिला वाटे. मलाही वाटे.

मग त्याची कामं वाढली, फोन कमी झाले. मी कोपऱ्यात पडून राहिले आणि उंदरांनी माझा भाता कुरतडला.

मागच्या महिन्यात फोन आला. फोनच्या पडद्यावर ती पांढरी दाढी. "अगं माय! तू त तुझा बापच दिसून राहिला की रे!" म्हणत चांगुणाबाईनं घाईनं भाता हलवला. नुसता फुसफुस वारा निघाला. ती रडायलाच लागली. "आता तू कसा गाशील रे लेकरा?"

धम्मदीप म्हणाला, "माय, इथली जुनी वाद्यं आपल्याहून खाली लावतात. तो सूर इथं कधी कामालाच आला न्हाई. मला तुझ्यासंगं बोलायचं ऱ्हायचं."

"मंग तसं काहून न्हाई म्हणलास?"

तेवढ्यात त्याला आतून हाक आली आणि फोन बंद झाला.

माझा सगळा तोरा उतरला, खोटं कशाला बोलू? तेव्हापासून ती रोज संध्याकाळी फोन माझ्यावर ठेवून बसते. आम्ही दोघी त्याच्या हाकेची वाट बघतो.

मित्रांनो, घरात पेटी असेल तर तिचा भाता अधूनमधून हलवत जा. आणि आई दूर असेल, तर तिच्याकडे सूर मागू नका. नुसतं "माय" म्हणा.