माझी बोली चढली तेव्हा

मी एक जुनी खुर्ची आहे. नुसतं खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चार पायांची, डुगडुगणारी एखादी येईल. पण मित्रांनो, मला पायच नाहीत. एका जाड लोखंडी खांबावर मी उभी आहे. बाजूला पंपाचा दांडा आहे, तो दाबला की मी माणसासकट वर चढते, आणि मागची कळ ओढली की पाठ कलते. मी सलूनची खुर्ची आहे. मला हलवायचं तर चांगली दणकट माणसं लागतात, आणि हलवून झाल्यावर तीही कंबर धरून बसतात.

भट्टीतलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून माझा खांब तयार झाला. मग कानशीनं घासणं, मग पांढरा मुलामा, मग चामड्याची गादी. पाय ठेवायच्या फळीवर वेलबुट्टी आहे. ती कारखान्यातल्या एका मिस्त्रीनं हौसेनं काढली, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकं त्या वेलबुट्टीवर खुशाल बूट घासायची. मला राग यायचा, पण खुर्चीच्या रागाला विचारतो कोण?

मी मालकांकडे आले तेव्हा त्यांचं दुकान नवं होतं आणि त्यांचे केस काळे होते. दुकान म्हणजे काय, एक खोली, एक आरसा, एक बाक आणि मी. पण मालकांचा हात! दाढी करताना वस्तरा गालावरून असा जायचा की माणूस घोरायला लागायचा. रोज दुकान उघडलं की ते आधी मला पुसायचे, मग आरसा, आणि मग स्वतःचा चष्मा. त्या काळी माझा थाट काय सांगू! लग्न ठरलेला मुलगा, नोकरीच्या मुलाखतीला निघालेला तरुण, पहिल्यांदा केस कापायला आणलेलं आणि रडून गोंधळ घालणारं पोर, सगळे माझ्याच मांडीवर बसून जायचे.

आणि गप्पा! आमच्या दुकानात जगातल्या कुठल्याही विषयावर बोलणं व्हायचं. बाकावर दोन माणसं कायमची. एक मास्तर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दुसरे कंडक्टर. बसमधली नोकरी सुटली तरी त्यांचा आवाज अजून बसच्या मागच्या दारापर्यंत पोचेल असा. दोघांच्या डोक्यावर कापण्याजोगं फारसं काही उरलं नव्हतं. तरी रोज यायचे, पेपर वाचायचे आणि एकमेकांच्या टकलावरून भांडायचे.

पुढे माझी डोकं टेकायची उशी खराब झाली. तिच्यामागची दातेरी पट्टी झिजली. दाढीला मान मागे टाकली की ती एकदम खाली घसरायची, आणि गिऱ्हाईक दचकून ताठ बसायचं. वस्तरा गळ्याशी असताना हे बरं का? मालकांनी दोन-तीन वर्कशॉप पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, असलं आता मिळत नाही. तेव्हा मालकांच्या मुलीनं मोबाइलवर शोधाशोध केली. एका लिलावाच्या साइटवर, कुठल्या कुठल्या गावात, कुणीतरी माझ्याच जातीच्या मोडलेल्या खुर्चीचे सुटे भाग विकायला काढले होते. तिनं बोली लावली. दुसरं कुणी फिरकलंच नाही. चहापाण्याच्या खर्चात उशी घरपोच आली. मालकांनी ती बसवली आणि ती टक्कन अडकली, तेव्हा मालक लहान मुलासारखे हसले. खरं सांगते, त्या लिलावानं माझं आयुष्य वाढवलं.

मग काय, मालकांना गोडीच लागली. वस्तऱ्यांची एक पेटी मागवली. फोटोत कशी झळझळीत होती! आली ती गंज खाऊन. मग एक मोठा नक्षीदार आरसा मागवला. फोटोत तो भिंतभर दिसत होता. माप खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, ते मालकांनी वाचलंच नाही. पार्सल फोडलं तर आरसा तळहाताएवढा.

"वा!" कंडक्टर म्हणाले. "आता एका वेळी एकच डोळा बघायचा. ज्याला दुसरा बघायचा त्यानं उद्या यावं."

त्या दिवशी दुकानात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मालकही हसले. पण त्यानंतर बोली लावायची झाली तर ते मुलीला आधी दोनदा वाचायला लावायचे.

मग दिवस पालटले. समोर मोठं सलून निघालं, थंड हवेचं, गरागरा फिरणाऱ्या खुर्च्यांचं. तरी मला त्याचं दुःख नव्हतं. दुःख झालं ते मालकांचा हात थरथरायला लागला तेव्हा. एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. फार काही झालं नव्हतं, गिऱ्हाईक "असू दे, असू दे" म्हणत होतं. पण मालकांनी कात्री खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही.

दुकानाची जागा सोडायची ठरली. मालक मुलीकडे राहायला जाणार होते. तिचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, आणि मी लिफ्टमध्ये मावणार नाही. भंगारवाला येऊन गेला, त्यानं मला वजनावर मागितलं. एक हॉटेलवाला आला, त्याला मी दारात शोभेला हवी होते. मालकांनी दोघांनाही वाटेला लावलं.

"जो हिला कामाला लावेल त्यालाच द्यायची," ते मुलीला म्हणाले. "हिच्यावर रोज माणूस बसला पाहिजे. नाहीतर गंजून मरेल ती."

"बाबा, मग लिलावात टाकू या," मुलगी म्हणाली. "लांबलांबचे लोक बघतील. कुणी ना कुणी दुकानवाला भेटेलच."

तिनं माझे फोटो काढले. हाताखालचं फाटलेलं चामडं मालकांनी मुद्दाम दाखवायला लावलं. काही दिवसांतच बोली सुरू झाली, आणि एका तरुण बाईचा प्रश्न आला. मुलीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला.

"पाठ पूर्ण मागे जाते का? मी दाढीही करते. माझं दुकान लहान आहे, एकच खुर्ची बसेल, म्हणून एकच पण चांगली घ्यायची आहे."

मालक ताडकन उठले. "दाढी करते म्हणाली? मशीननं की वस्तऱ्यानं? विचार, विचार तिला!"

"वस्तऱ्यानंच," उत्तर आलं. "आजोबांनी शिकवलं."

मित्रांनो, मालकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "संपलं! हिलाच देऊन टाक. बंद कर तो लिलाव."

"आता नाही बंद करता येत, बाबा. बोली लागली की वस्तू मागे घेता येत नाही. आणि इथे माणूस बघून देत नाहीत, आकडा बघून देतात." मग वडिलांचा चेहरा बघून ती म्हणाली, "अहो, पण सगळ्यांत वरची बोली तिचीच आहे. मिळेल तिलाच."

मालकांचा जीव भांड्यात पडला. माझाही. त्या न पाहिलेल्या बाईच्या दुकानाची मी स्वप्नं बघायला लागले. एकच खुर्ची, म्हणजे तिथली राणी मीच की!

पण ही गोष्ट मालकांनी मास्तरांना आणि कंडक्टरना सांगितली नाही. लिलाव चालू आहे एवढंच त्या दोघांना ठाऊक होतं. ज्या दुकानात कुणाच्या घरात काय शिजलं इथपर्यंत बोलणं व्हायचं, तिथे माझा विषय निघाला की तिघंही छताकडे बघायचे. दुकान जाणार, खुर्ची जाणार, हे तोंडानं म्हणायला कुणालाच नको होतं. मालकांना वाटलं, कशाला त्यांना वाईट वाटायला लावा? त्या दोघांनाही तेच वाटलं. अशी ही तीन शहाणी माणसं.

लिलाव एका संध्याकाळी संपायचा होता. दुकानातलं सामान बांधून झालं होतं. मालक आणि त्यांची मुलगी माझ्याजवळ मोबाइल घेऊन उभे. मास्तर बाकावर पेपर उघडून बसलेले, पण पान उलटत नव्हते. मला बाजूनं दिसत होतं, पेपरच्या आत त्यांचा फोन होता. कंडक्टर भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांच्याही हातात फोन.

शेवटची काही मिनिटं उरली आणि बोली एकदम उडाली.

"अरे, हे कोण आलं मध्येच?" मुलगी म्हणाली. साइटवर नावं दिसत नाहीत, नुसती अक्षरं दिसतात. तरुण बाईची अक्षरं तिच्या प्रश्नामुळे ठाऊक होती, ही नवी होती.

तरुण बाईनं बोली वाढवली. लगेच तिच्यावर दुसरी बोली पडली, तिच्यावर तिसरी. तिनं पुन्हा वाढवली. थोडीशीच, जपून. पुन्हा दोन उड्या. मग थोडा वेळ थांबून तिनं आणखी एक बोली लावली. तिचं ते थांबणं मला कळलं. माणूस पाकीट उघडून बघतो तेव्हा असाच थांबतो. त्यानंतर ती आलीच नाही.

मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मास्तर आणि कंडक्टर दोघांनी तिरक्या नजरेनं पाहिलं, त्यांना वाटलं, आनंदानं पुसतायत. ते आणखी इरेला पेटले. आकडा असा चढला की त्यात दोन नव्या फिरत्या खुर्च्या आल्या असत्या. आणि लिलाव संपला.

"जिंकलो!" मास्तर ओरडले आणि पेपर खाली पडला.

कंडक्टर गर्रकन वळले. "म्हणजे तो तुम्ही होता? मी इतका वेळ कुठल्या श्रीमंत माणसाशी लढतोय असं समजत होतो!"

"आणि मीही तेच समजत होतो!"

दोघं हसायला लागले. मग त्यांनी मालकांकडे पाहिलं आणि हसू तोंडातच राहिलं.

"कशासाठी केलंत हे?" मालकांनी हळूच विचारलं.

"कशासाठी म्हणजे? तुम्हाला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून," मास्तर म्हणाले. "आणि आपली खुर्ची परक्याकडे कशाला जायला हवी? माझ्या गॅलरीत ठेवू. रोज डोळ्यांसमोर राहील."

कंडक्टरांनी मान हलवली. त्यांनीही हेच ठरवलेलं होतं.

मग मालकांनी त्यांना त्या तरुण बाईबद्दल सांगितलं. वस्तऱ्याबद्दल, आजोबांबद्दल, एका खुर्चीच्या दुकानाबद्दल. कंडक्टरांनी फोन खिशात टाकला. मास्तर एवढंच म्हणाले, "आधी बोलला असतात तर."

"तुम्ही तरी कुठे बोललात?" मालक म्हणाले.

मुलीनं लगेच त्या बाईला कळवलं, की खुर्ची तुम्हालाच देतो, तुमच्याच बोलीत देतो. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिनं लिहिलं होतं, "बोली इतकी चढली तेव्हा वाटलं, कुणी बडी असामी मागे लागली असणार. माझी ऐपत तिथेच संपली. दुकान उघडायची तारीख जवळ आली होती, म्हणून आज सकाळीच इथली एक नवी खुर्ची हप्त्यावर आणली. आता दुसरी ठेवायला जागा नाही. तुमच्या खुर्चीवर काम करायला फार आवडलं असतं."

मुलीनं वाचून फोन बंद केला. कुणी कुणाला रागावलं नाही. रागवायला कुणीतरी वाईट वागायला हवं ना! सगळे चांगलंच वागले होते, आणि माझं वाटोळं झालं होतं.

तर मित्रांनो, मी आता मास्तरांच्या गॅलरीत आहे. लाड भरपूर आहेत, ते नाकारणार नाही. मास्तरांनी माझ्या वेलबुट्टीत नव्यानं रंग भरला. त्यांच्या बायकोनं पावसाचे शिंतोडे लागू नयेत म्हणून जुन्या पडद्याचा अभ्रा शिवला. पण माझ्यावर बसतं कोण? धुतलेल्या कपड्यांचा ढीग. दुपारी ऊन आलं की कधीकधी मांजर. पंपाचा दांडा कुणी दाबत नाही. माणसाचं वजन कसं असतं, तेच मी विसरत चालले होते.

परवा मालक आले. आधीपेक्षा वाळले होते आणि केस कानावर आले होते. मास्तरांनी घाईघाईनं कपड्यांचा ढीग उचलला आणि म्हणाले, "बसा."

मालक बसले. मित्रांनो, एवढ्या वर्षांत ते माझ्यावर कधी बसले नव्हते. दुकानात ते कायम उभेच. ते इतके हलके असतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी डोकं उशीला टेकलं. मास्तरांनी गंमत म्हणून दोरीवरचा टॉवेल काढला, त्यांच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला आणि विचारलं, "बोला साहेब, कसे कापायचे?"

"बारीक," मालक म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

मास्तर मागे तसेच उभे राहिले. गॅलरीत केस कापता येणारा एकच माणूस होता आणि तो माझ्यावर बसला होता. मग मास्तरांनी टॉवेल काढून घेतला.

मित्रांनो, मी काही लिलावाला नावं ठेवणार नाही. त्यानंच मला माझी उशी मिळवून दिली. घेताना नीट वाचा, विकताना खोट दाखवा, म्हणजे निम्मं दुखणं टळतं. पण ज्याच्या भल्यासाठी धडपडताय त्याला आधी तोंडानं विचारा, की बाबा, तुला नक्की काय हवंय? आणि जुनी वस्तू आवडली तर तिला नुसती जपू नका, राबवा. तुमच्या ओळखीत कुणी वस्तरा चालवणारी पोरगी नवं दुकान काढत असेल, तर तिला माझा पत्ता द्या. बोली लावू नको म्हणावं, सरळ दार वाजव. मी रिकामीच आहे.